अभिरूप राष्ट्रसभा आणि मूळ कागद



अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेत विद्यार्थी एखाद्या देशाच्या वतीने बोलतो. ऐकीव माहितीवर विसंबल्यास त्या देशाच्या तोंडी नसलेले शब्द घातले जातात. म्हणून मूळ कागद पाहणे अगत्याचे आहे.

बांगलादेश युद्ध चालू असता, ७ डिसेंबर १९७१ रोजी आमसभेने युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठराव क्रमांक २७९३ संमत केला. बाजूने १०४, विरुद्ध ११, तटस्थ १०. भारताचे मत विरुद्ध पडले. केवळ आकडे पाहणारा भारतास शांतताविरोधी ठरवील. सभेचा शब्दशः वृत्तांत वाचणाऱ्यास लक्षावधी निर्वासितांचा प्रश्न दिसेल. असे वृत्तांत संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य उपलब्ध आहेत.

आधी ठराव, मग मतदान, मग भाषण हा क्रम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडावा.