घडीच्या सायकलीचें हॅंडल व मडगार्ड

घडीची सायकल घेणारा मनुष्य एका गुणासाठीं ती घेतो : प्रवास संपतांच ती आवरून मेजाखालीं ठेवितां येते. लंडनमध्यें अँड्र्यू रिची यांनीं १९७० नंतरच्या दशकांत रचिलेली ब्रॉम्प्टन ही अशीच. हॅंडल किंवा मडगार्ड बदलतांना हाच गुण प्रथम सांभाळावा.

हॅंडल पकडींत नेमकें बसलें पाहिजे, २५.४ मिलिमीटरच्या पकडींत ३१.८ मिलिमीटरचें हॅंडल जात नाहीं. तें फार उंच किंवा रुंद असल्यास घडींत अडतें, आणि ब्रेकच्या तारा आंखूड पडून ताणल्या जातात.

मडगार्ड घेतांना ‘१६ इंची’ या शब्दांवर विसंबूं नये. त्या एका नांवाखालीं ३०५ व ३४९ मिलिमीटर असे दोन निराळे व्यास येतात, ब्रॉम्प्टनचा ३४९. हा आंकडा टायरच्या बाजूवर असतो. टायर व मडगार्ड यांत पुरेशी मोकळी जागा हवी. तेथें काडी अडकून पुढचें चाक थबकलें तर स्वार तोंडावर पडतो.

नवा भाग बसवितांच दुकानांतच दोनदां घडी घालावी, हॅंडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावें, ब्रेक दाबून पाहावे. मगच पैसे द्यावे. शोभेचा विचार त्यानंतरचा.