पाहुणे म्हणून आलेले



10 सप्टेंबर 1964 रोजी कलोन शहराच्या डॉइट्स स्थानकावर बँड वाजत होता. आर्मांदो रॉद्रीगिश नावाचा एक पोर्तुगीज सुतार गाडीतून उतरला. पश्चिम जर्मनीत आलेला तो दहा लाखावा परदेशी कामगार ठरला आणि उद्योजकांच्या संघटनेने त्याला एक मोपेड भेट दिली. ती मोपेड आज बॉन येथील इतिहास संग्रहालयात आहे. रॉद्रीगिश मात्र आजारी होऊन मायदेशी परतला. उपचारांत साठवलेली पुंजी संपली आणि 1979 साली तो वारला. जर्मनीतील आजारपणाच्या विम्यावर आपला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

जर्मनीने या लोकांना 'पाहुणे कामगार' म्हटले. आपल्याकडे पाहुण्याला कोणी कामाला जुंपत नाही. शब्दातच विसंगती होती. 1955 साली इटलीशी आणि ऑक्टोबर 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. इस्तंबूलला उमेदवारांचे दात तपासूनच निवड होई. दोन वर्षे काम करावे आणि परत जावे, अशी तुर्कांसाठीची मूळ कल्पना. पण शिकवून तयार केलेला कामगार दर दोन वर्षांनी घालवणे कारखानदारांनाच परवडेना. 1964 मध्ये ती अट गेली.

पुढे 1973 च्या तेलसंकटात भरती बंद झाली. लोक निघून जातील, हा सरकारचा हिशेब. झाले उलटेच! एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून कामगारांनी बायकामुलांना बोलावून घेतले. 1983 साली परत जाणाऱ्यास 10,500 मार्क देण्याचा कायदा झाला, तरी बहुसंख्य राहिलेच. एकूण सुमारे 1 कोटी 40 लाख आले आणि 1 कोटी 10 लाख परतले असे मानले जाते. जे राहिले त्यांच्या मुलांचे काय, याचा विचार मात्र कोणी केलेला नव्हता. काही प्रांतांत त्यांना वेगळ्या वर्गांत मातृभाषेतून शिकवीत, कारण ती परत जाणार होती! परिणामी अनेकांची दोन्ही भाषा कच्च्या राहिल्या. जर्मन भूमीवर जन्मलेल्या परकीयांच्या मुलाला जन्मतः नागरिकत्व मिळण्याची वाट 1 जानेवारी 2000 पासून खुली झाली. भाषावर्गांची देशव्यापी व्यवस्था तर 2005 साली आली. पहिल्या करारानंतर पन्नास वर्षांनी.

दरम्यान 29 मे 1993 रोजी झोलिंगेन येथे एका तुर्की कुटुंबाचे घर जाळण्यात आले. पाच स्त्रिया व मुली मृत्युमुखी पडल्या. त्या घरातील मेव्ल्यूदे गेंच या मातेने दोन मुली, दोन नाती आणि एक भाची गमावूनही सूडाची भाषा केली नाही. 2022 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती सलोख्याचेच आवाहन करीत राहिली.

दुसरे उदाहरण उगुर शाहीन यांचे. वडील कलोनला फोर्डच्या कारखान्यात कामगार. प्राथमिक शिक्षकांनी मुलाला उच्च शिक्षणाकडे न नेणाऱ्या शाळेची शिफारस केली होती. एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून ती बदलवली. याच शाहीन यांनी, पत्नी ओझ्लेम ट्युरेजी यांच्यासह उभारलेल्या कंपनीतून, 2020 मध्ये कोविडची लस आणली. कायद्याने जे केले नाही ते एका शेजाऱ्याने केले.

हा विषय आपल्या घराशी येऊन पोहोचला आहे. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरे आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने, श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिकेला तेथे पूर्ण मान्यता हवी तर साधारणतः बी-2 पातळीची जर्मन लागते. केवळ संभाषणापुरती भाषा पुरत नाही. घराघरांत चर्चा होते ती युरोमधल्या पगाराची. पदवीला मान्यता मिळेपर्यंत कोणते काम आणि किती वेतन, आजारपणाचा विमा कोणाच्या नावे, करार मुलामुलीला समजेल अशा भाषेत आहे की नाही, हे प्रश्न विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच विचारायचे आहेत. रॉद्रीगिशच्या घरच्यांना ते विचारता आले नव्हते.