पेटंटचा हिशेब कोण मागणार?

(विभागीय मेळाव्यातील सचिवांचे भाषण)



गाडी दहा मिनिटे लेट झाली की ड्रायव्हर-गार्डकडून खुलासा मागतात. कॅश जुळल्याशिवाय पोस्टमास्तर खुर्ची सोडत नाही. हिशेब देणे आपल्या अंगवळणी पडले आहे. मग ज्यांना सरकार वीस वर्षांची मक्तेदारी देते, त्यांचा हिशेब कोण मागतो? आज आम्ही हाच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

१९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हते, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होते. म्हणून दुसऱ्या पद्धतीने तेच औषध आपले कारखाने स्वस्तात बनवू शकले. डंकेल प्रस्तावाविरुद्धचे मोर्चे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असतील. अखेर जागतिक व्यापार करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पुन्हा पेटंट आले.

तरी कायद्यात एक कलम शिल्लक राहिले. केवळ माल आयात करून मक्तेदारी भोगण्यासाठी पेटंट नाही, त्याचा उपयोग या देशात झाला पाहिजे. तो किती झाला, हे पेटंटधारकाने फॉर्म २७ भरून सांगायचे.

हा फॉर्म खरोखर भरला जातो का, हे शोधले शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकाने. ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकवत. माहितीच्या अधिकारात त्यांनी कागद मागवले, तेव्हा अनेकांनी फॉर्म भरलेच नव्हते, आणि भरलेले कित्येक अर्धवट होते. कारवाई मात्र कोणावर नाही. २०१५ मध्ये त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली.

एका फॉर्मने काय होते, असे कोणी विचारील. बायर कंपनीचे नेक्साव्हार हे कर्करोगाचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. औषध फारच थोड्या रुग्णांपर्यंत पोहोचते, हे ठरवताना कंपनीच्याच फॉर्म २७ मधील आकडे कामी आले. मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला आणि किंमत ८,८८० रुपयांवर आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. स्वस्त औषधही मिळाले आणि ते बनवण्याचे कामही इथल्या कामगाराला मिळाले. विकास म्हणतात तो हाच.

प्राध्यापक बशीर २०१९ मध्ये ऐन त्रेचाळिशीत गेले. २०२० मध्ये सरकारने फॉर्म बदलला. जनतेची गरज वाजवी किमतीत भागली का, हा प्रश्नच त्यातून गळाला. २०२४ पासून तर तो दरवर्षी नव्हे, तीन वर्षांतून एकदा भरायचा आहे. आपल्याला मात्र रोजचा हिशेब चुकलेला नाही!

आमच्याकडे सभासद औषधांची बिले घेऊन येतात. दवाखान्यात औषध नसते, बाहेरून घ्यावे लागते, मंजुरी येईपर्यंत घरात उसनवारी. आपण केवळ मंजुरीसाठी भांडतो. किंमत इतकी का, हे विचारत नाही. यापुढे तेही विचारले पाहिजे.

म्हणून दोन कामे करा. महागड्या औषधांची नावे आणि किमती शाखा सचिवांकडे द्या. त्यांवर पेटंट आहे का, याचा अर्ज युनियन माहितीच्या अधिकारात करील. आणि फॉर्म दरवर्षी भरला जावा, गाळलेला प्रश्न परत यावा, हा ठराव प्रत्येक शाखेने पाठवावा.

एका प्राध्यापकाने एकट्याने एवढे केले. आपण तर हजारोंनी आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!