संक्रांतीचें पत्र

श्रोतेहो, संक्रांत जवळ आली कीं आमच्या शिक्रापुराकडे शेतांत हुरडा तयार होतो, घरोघर तीळ भाजल्याचा वास सुटतो, आणि मी टपालवाल्याची वाट पाहूं लागतों.

पाकिटांत चिमूटभर हलवा घालून दूरच्या सुहृदांस धाडण्याची आपली चाल जुनी आहे. १८७९ सालीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें आणि क्षेमसमाचार गरिबाच्या आवांक्यांत आला. परंतु कार्डांत हलवा कसा मावणार? म्हणून काटकसरी माणूसही या सणाला पाकिटाचा खर्च सोशीत असे. टपालखात्याच्या शिक्क्याखालीं हलव्याचें पीठ होई. तें पीठही आम्ही प्रसादासारखें तोंडांत टाकीत असूं.

मॅट्रिक होऊन अध्यापक विद्यालयांत गेलों, तेव्हां आम्ही चौघे एका खोलींत राहत होतों. पुढें नोकरीनें एकास कोंकणांत, एकास वऱ्हाडांत, एकास सोलापुराकडे नेलें. निघतांना ठरलें, कीं वर्षांतून एकदां, संक्रांतीला, प्रत्येकानें सविस्तर पत्र लिहावें. मात्र त्यांत बढाई नको आणि रडगाणेंही नको.

कोंकणवासी मित्र बखरीच्या थाटांत लिहितो. "विनंति विशेष. बत्तीस शिलेदारांपैकीं अकरा यंदापावेतों चाकरी सोडून गेले. उरल्यांचा भरंवसा नाहीं. उभय गुडघे फितूर जाहले." सोलापूरकर मित्र स्वतःचें प्रगतिपुस्तक धाडतो. "वाचन : चष्मा सांपडल्यास बरें. पाठांतर : असमाधानकारक, शेजाऱ्याचें नांव दोनदां विसरला. वर्तणूक : घरच्या मंडळींच्या मतें सुधारणेस पुष्कळ वाव."

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'तला सुदामा आपलीच फजिती हौसेनें सांगतो, म्हणून तो वाचकाला आपला वाटतो. या पत्रांचेंही तसेंच आहे. थोरवी सांगणाऱ्याचें आपण अभिनंदन करतों. फजिती सांगणाऱ्याच्या मात्र शेजारीं जाऊन बसावेंसें वाटतें.

कांहीं वर्षांपूर्वीं सोलापूरचें प्रगतिपुस्तक नेहमीप्रमाणें आलें. वाचन, पाठांतर, शारीरिक शिक्षण, सर्व रकाने थट्टेनें भरलेले. वर्तणुकीपुढें एवढेंच होतें : "शेरा देणारी व्यक्ति श्रावणांत गेली. रकाना रिकामा ठेविला आहे." खालीं पुन्हां लोभ असावा ही विनंति, आणि पाकिटांत हलवा. वहिनी गेल्याची तार नाहीं, फोन नाहीं. नियम त्यानें मोडला नव्हता. आणि लपविलेंही कांहीं नव्हतें. पुढच्या संक्रांतीला आम्हां तिघांनीं, एकमेकांना न विचारतां, तोच रकाना भरून पाठविला. माझा शेरा होता : "वर्तणूक उत्तम, विद्यार्थ्यानें पत्र लिहिणें सोडूं नये." त्यानें सोडलें नाहीं.

हलवा करणाऱ्या गृहिणींना ठाऊक आहे, कीं मंद आंचेवर पाक थेंबथेंब सोडीत, बोटांनीं हलवीत बसावें, तेव्हां दाण्याला काटा फुलतो. घाई केली तर तो येत नाहीं. जुन्या मित्राची थट्टाही अशीच काटेरी आणि गोड असते, आणि तिलाही वर्षें लागतात.

तारखातें २०१३ सालीं बंद झालें. आतां संक्रांतीच्या सकाळीं भ्रमणध्वनीवर तिळगुळाचीं तयार चित्रें शेंकड्यांनीं येतात. तीं पाठविणाऱ्यांवर माझा राग नाहीं. आठवण झाली हेंही थोडें नव्हे. परंतु जें सर्वांना सारखेंच जातें, त्यांत माझ्या गुडघ्यांची चौकशी कोठून असणार? आणि चौघांनाच कळेल असा विनोद त्यांत कसा असणार?

म्हणून, श्रोतेहो, यंदा एका तरी जुन्या सोबत्यास स्वहस्तें पत्र लिहा. आपल्या फजितीपासून आरंभ करा. दुःख असल्यास त्याला एक ओळ ठेवा. तिळगूळ घ्या, गोड बोला. त्या गोडीला थोडा काटाही असूं द्या.