कारखान्यांच्या गांवांतलें आमचें बाळपण

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



पिंपरी-चिंचवडच्या जुन्या दिवसांविषयीं आम्हीं दोन शब्द सांगावे, अशी आपली इच्छा आहे. आम्ही पिंपरीजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरांत वाढलों. पवनेच्या कांठचें बाजरी-ज्वारीचें रान, दावणीचे बैल आणि गांवचे बलुतेदार, एवढेंच आमचें जग होतें. त्या जगाच्या वेशी आमच्या डोळ्यांदेखत मोडल्या.

पहिले नवे शेजारी आले ते सिंधी. १९४७ च्या फाळणींत घरदार सोडून आलेल्या कुटुंबांची छावणी पिंपरीस वसली. म्हातारीं माणसें बिचकलीं, पण पोरें कशाचीं बिचकतात? एक सिंधी मुलगा पाटीवर आपलीं अक्षरें उजवीकडून डावीकडे काढी, आम्ही डावीकडून उजवीकडे. मध्येंच दोघांची गांठ पडे. आमचा पाडवा झाला कीं दुसरे दिवशीं त्यांचें चेटीचंड. दोन्ही घरचें गोडधोड आमच्याच पोटांत! तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम करून पुण्याकडे निघाली, म्हणजे सिंधी मावशा वाटेवर वारकऱ्यांना सरबत पाजीत. त्या लोकांजवळ गुंठाभर जमीन नव्हती. पुरुष कापडाचें गांठोडें घेऊन दारोदार फिरत, बाया पापड लाटीत. पुढें त्या गांठोड्यांचीं दुकानें झालीं. आमचा आजा म्हणे, “पोरांनो, यांचें सारें गेलं, पण हात गेले नाहींत, हें ध्यानांत ठेवा.”

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला व पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन निघूं लागलें. त्यामागोमाग मल्याळी, तामीळ, पंजाबी माणसें आलीं. ओणमच्या दिवशीं मल्याळी बाई दारांत फुलांची रांगोळी घाली. फुलें मात्र आमच्या बांधावरचीं. गांवांत पाणवठे जातवार वेगळे होते. कामगारांच्या चाळींत नळ एकच, आणि जो आधीं येईल त्याची घागर आधीं. पाण्याला जात नसते, हा धडा आम्हांस कोणा पुराणिकानें दिला नाहीं; त्या नळानें दिला.

१९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या शिवारांत मोजणीचे खांब रोवले गेले. आमच्याहि रानाचे पैसे आले. भाऊबंदांपैकीं कोणी त्यांतून लग्नाचे मोठमोठे मांडव घातले, कोणी कोर्टकज्जे केले. कांहीं वर्षांत पैसा संपला. जमीन तर आधींच गेली होती. ज्या रानांत बापानें नांगर धरला, त्याच रानावरच्या फाटकाशीं मुलगा पहारेकरी होऊन उभा राहिलेला आम्हीं पाहिला आहे.

आतां दुसरी गोष्ट ऐका. आमच्या आळींत एक लोहार होता. त्याचा भाता बंद पडायच्या बेतांत आला होता. चाळींतला एक सरदारजी कारखान्यांत लेथ चालवी. लोहाराचा पोरगा त्याच्या मागें लागला. माप घेणें, हत्याराला धार लावणें, सुताचा हिशेब, सारें शिकला. सरदारजीनें त्याची जात विचारली नाहीं. त्यालाहि सरदारजीची भाषा धड येत नव्हती. पुढें त्यानें पडवींत स्वतःचा लेथ मांडला व धाकट्या भावांना हाताशीं घेतलें.

१९७० सालीं आमच्या गांवांची नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका. हिंजवडी-चाकणच्या शिवारांचेंहि पुढें तेंच झालें. उद्यां तुमच्या बांधावरहि खांब रोवले जातील. परका माणूस तुमची भाकरी पळवितो, असें सांगणारे तेव्हां पुष्कळ भेटतील. आमचा अनुभव निराळा आहे. आमचा पैसा शेजाऱ्यांनीं नेला नाहीं. मांडवांत आणि कोर्टांत आमचा आम्हींच घालविला. शेजाऱ्यांनीं आम्हांस धंदा दिला, भाषा दिली, उभें राहण्याची हिंमत दिली.

म्हणून सांगणें इतकेंच. जमिनीचा पैसा आला तर पहिला वांटा मुलामुलींच्या विद्येचा व हातधंद्याचा काढा. मांडवाचा अगदीं शेवटीं. विकण्यापूर्वीं कागद चार जाणत्यांकडून वाचून घ्या. आणि नव्या शेजाऱ्याच्या ओट्यावर आपलीं पोरें बिनदिक्कत जाऊं द्या. त्याचींहि आपल्या ओसरीवर येऊं द्या. रान गेलें तरी पोरांच्या हातांतलें कसब कोणाला मोजून नेतां येत नाहीं.