खरबुजाची उत्तरेकडची सोयरीक



उन्हाळा आला की आपल्या बाजारात खरबुजांचे ढीग लागतात. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच फारसी ‘खरबुझा’ची दुसरी वाट उत्तरेला गेली, आणि आज मला तिच्याबद्दल बोलायचं आहे.

ही वाट तुर्की भाषांतून जाते. कझाक लोक ‘करबीझ’ म्हणतात, तुर्कस्तानात ‘कारपुझ’ म्हणतात. नाव ओळखू येतं, फळ मात्र बदललेलं असतं, कारण दोन्हीकडे अर्थ आहे कलिंगड. काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ मैदानांत किपचाक तुर्क राहत. त्यांच्या बोलीतून शब्द शेजारच्या स्लाव लोकांकडे गेला. रशियन भाषेत त्याचं पहिलं व्यंजन गळून पडलं आणि ‘अरबूझ’ झालं. व्होल्गाकाठच्या आस्त्राखानची कलिंगडं रशियाभर प्रसिद्ध आहेत, ती याच नावानं विकली जातात.

हा माग माक्स फास्मेर यांच्या रशियन व्युत्पत्तिकोशात सापडतो. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ते ‘गाढवकाकडी’ असा देतात. ‘खर’ म्हणजे गाढव, हे संस्कृत जाणणाऱ्याला सांगावं लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात फास्मेर यांची टिपणं जळून गेली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. 1950 ते 1958 या काळात कोश छापून पूर्ण झाला. अशा माणसापुढे हात आपोआप जोडले जातात.

युक्रेनमध्ये या शब्दानं आणखी एक फळ बदललं. तिथे ‘हारबूझ’ म्हणजे लाल भोपळा. मग कलिंगडाला काय म्हणायचं? त्यासाठी त्यांनी तुर्कीतलाच ‘कावून’ घेतला. तुर्कस्तानात मात्र ‘कावून’ म्हणजे आपलं खरबूज! खेरसनच्या नामांकित कलिंगडांना तिथले शेतकरी ‘कावून’च म्हणतात.

या हारबूझला तिथल्या लग्नघरात मोठा मान. मुलाकडची मंडळी मागणी घालायला येत. मुलगी राजी असेल तर त्यांना भरतकाम केलेले पंचे मिळत; नसेल तर ती आतून भोपळा आणून हातात ठेवी. भांडण नाही, वाद नाही. पाहुण्यांनी भोपळा उचलायचा आणि घरची वाट धरायची. आपल्याकडे नारळ देतात, तसंच हे. अजूनही युक्रेनमध्ये कुणाला नकार मिळाला की ‘त्याला हारबूझ मिळाला’ असंच म्हणतात.