तंबाखू सोडली, आता ती सुटलेलीच राहू द्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. बचत, कर्ज, परतफेड यावर आपण दर आठवड्याला बोलतो. आरोग्याचा विषय आला की 'सगळं बरं आहे' म्हणून पुढं जातो. म्हणून आज मी एकच विषय घेतला आहे, तंबाखू. सोडा म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. टीव्हीवर सांगतात, पुडीवरही लिहिलेलं असतं. सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात काय करायचं, हे कुणी सांगत नाही. आज जास्त बोलणं त्याच्यावर करू.

मी गटांमध्ये विचारते, "तंबाखू कोण खातं?" सगळ्या नवऱ्याकडं बोट दाखवतात. मग विचारते, "मिश्री कोण लावतं?" तेव्हा कुणी पदर तोंडावर घेतं, कुणी हसतं, आणि हळूहळू हात वर होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, मावशी. दात घासायला म्हणून सुरू होते, एकदाची दोनदा होते, दोनदाची पाचदा होते. दात तर सकाळीच घासून झाले, मग दुपारी शेतात डबी कशाला उघडावी लागते? दातांना नको असते, जिवाला लागते.

सरकारनं २०१६-१७ साली मोठं सर्वेक्षण केलं होतं. महाराष्ट्रात १०० पुरुषांत ३५ जण आणि १०० बायांत १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. त्या १७ जणींत ओढणाऱ्या जेमतेम एक-दोन. बाकी सगळ्या तोंडात ठेवणाऱ्या. म्हणजे बाईचं व्यसन धुरासारखं दिसत नाही, ते गालात लपलेलं असतं. म्हणून त्याच्यावर बोललंही जात नाही.

सुटत का नाही?

तंबाखूत निकोटीन असतं. ते रक्तातून मेंदूत जातं आणि थोडा वेळ बरं वाटतं. चुना लावून मळली की ते तोंडाच्या कातडीतून आणखी लवकर भिनतं. बिडीच्या धुरातून तर काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. थोड्या वेळानं त्याचा असर उतरतो आणि मेंदू पुन्हा मागतो. दिलं नाही तर चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही, कामात मन लागत नाही. ज्याला सुटत नाही तो नालायक आहे असं समजू नका. शरीराला सवय लागलेली आहे, आणि लागलेली सवय मोडता येते.

आपल्याकडं तीन गोष्टी हमखास ऐकू येतात.

पहिली: "मिश्री लावल्याबिगर परसाकडं होत नाही." हे खोटं नाही. तंबाखू सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं. पण ते थोड्या दिवसांचं असतं. सकाळी उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी, मिळेल ते फळ. पोट आपलं काम पुन्हा शिकतं.

दुसरी: "दात दुखतो म्हणून लावते." लावल्यावर थोडं बधिर वाटतं, पण दात आतून किडतच राहतो आणि हिरड्या सुटत जातात. दुखणाऱ्या दाताला दाताचा डॉक्टर लागतो, तंबाखू नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते: "भूक मरते, म्हणून बरं पडतं." कापूस वेचायला पहाटे निघायचं, घरात सगळ्यांना वाढून आपण उपाशीपोटी, आणि दुपारपर्यंत चिमटीवर काढायचं. मग अंगात रक्त कसं राहील? तंबाखू सोडायची असेल तर आधी सकाळी दोन घास खाल्ले पाहिजेत. हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

बिडी आणि आपलं पान

किनवट, माहूरच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तुटतो. तुमच्यातल्या कित्येकींनी भल्या पहाटे पानं तोडली, घरी बसून पुडे बांधले आणि त्या पैशातून पेरणीचं बियाणं आणलं. तो कष्टाचा पैसा आहे. पान तोडू नका असं मी म्हणणार नाही. पण एक समज काढून टाका, 'बिडी झाडाच्या पानाची, म्हणून सिगारेटपेक्षा बरी.' बिडीतून निकोटीन आणि डांबर सिगारेटइतकंच, कधी कधी जास्तच, छातीत जातं. बिडी ओढणाऱ्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त. आणि एका खोलीच्या घरात घरधनी ओढतो तेव्हा धूर लेकरं आणि बायकोही ओढतात.

गरोदर बाईनं तंबाखू खाल्ली, मिश्री लावली किंवा ओढली, तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, दिवस भरायच्या आधी होऊ शकतं, पोटातच दगावू शकतं. सून गरोदर राहिली की आपण तिला डोहाळे विचारतो. तिच्या डबीचंही विचारा. रागावून नको, जवळ बसून.

एका मावशीची गोष्ट

आपल्याच एका गटातल्या मावशीनं मला गोष्ट सांगायची परवानगी दिली, नाव मात्र सांगू नको म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं हातावर मिश्री ठेवली. त्याला तीस वर्षं झाली. एक दिवस तिनं पाहिलं, सहा वर्षांची नात अंगणात बसून तिच्याच डबीत बोट घालून दात घासत होती. मावशी म्हणाली, "माझं जे व्हायचं ते झालं. पर ह्या पोरीच्या हातात मी डबी देऊ का?"

त्या दिवशी तिनं डबी चुलीत टाकली. तीन दिवस तिचं कुणाशी पटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागलं. चार महिने झाले आणि तिचा भाऊ वारला. मातीला गेली, तिथं बायका रडत बसल्या होत्या. कुणीतरी डबी पुढं केली आणि तिनं घेतली. एक चिमूट घेतली, तर तेराव्यापर्यंत रोजची झाली.

घरी आल्यावर गटात यायला तिला लाज वाटायली होती. शेवटी शेजारीण हाताला धरून घेऊन आली. गटानं काय केलं माहीत आहे? कुणी हसलं नाही. अध्यक्ष ताई म्हणाल्या, "मावशी, चार महिने तुम्ही राहिलात. ते काय कुठं गेले नाहीत. आज पुन्हा पहिला दिवस लिहू." मावशीनं पुन्हा सोडली. आता वर्ष उलटून गेलंय. पुष्कळ माणसांना दोनदा, तीनदा, त्याहून जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो. कर्जाचा एक हप्ता चुकला म्हणून आपण गट मोडत नाही, पुढचा हप्ता भरतो. इथंही तसंच.

टिकवायचं कसं?

१. आपलं कारण आपल्या तोंडानं सांगा. 'कॅन्सर होतो' हे डॉक्टरचं कारण झालं. मावशीचं कारण नात होतं. कुणाचं कारण पैसा असेल, कुणाचं तोंडाचा वास. ज्या दिवशी मन डगमगतं, त्या दिवशी आपलंच कारण कामाला येतं.

२. दिवस ठरवा आणि घर साफ करा. सोडायचा दिवस चारचौघींत सांगा. आदल्या रात्री डबी, पुडी, चुन्याची ट्यूब, कनवटीला बांधलेली चिमूटसुद्धा काढून टाका. 'पाहुण्यासाठी राहू दे' म्हणून ठेवलेली पुडी पाहुणा येण्याआधीच संपते.

३. तलफ दहा मिनिटांची असते. ती आली की वाटतं आता जीव जाईल. पण थोड्या मिनिटांत ती आपोआप उतरते. तेवढा वेळ काढायचा. थोडं थांबा, घोटघोट पाणी प्या, लांब श्वास घ्या, हातात काम घ्या. तोंडात बडीशेप, लवंग, भाजलेले फुटाणे ठेवा. सुपारी नको, सुपारीही तोंडाचं नुकसान करते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण. पुढे दोन-चार आठवड्यांत त्रास पुष्कळ कमी होतो.

४. आपल्या वेळा ओळखा. चहानंतर, जेवणानंतर, निंदणीला बसल्यावर, बसची वाट पाहताना, भांडण झाल्यावर. त्या वेळेला दुसरं काहीतरी आधीच ठरवून ठेवा. लग्नात, मातीला, पोळ्याला जाताना घरूनच बडीशेपेची पुडी घेऊन निघा. डबी पुढं आली की म्हणायचं, "मी सोडली बाई." एवढं एक वाक्य घरी पाठ करून जा.

५. 'एकच चिमूट' ला घाबरा. सहा महिने, वर्ष झालं की माणूस बेसावध होतो. 'आता मला काय होतंय' असं वाटतं. जुनी सवय तिथंच दार उघडून परत येते.

६. पैसा डोळ्यांना दिसू द्या. समजा घरात तंबाखू-बिडीवर रोजचे २० रुपये जातात. महिन्याचे ६००, वर्षाचे ७,३००, दहा वर्षांचे ७३,०००. यात दवाखाना धरलेला नाही. ज्या दिवशी घेतली नाही, त्या दिवशीचे पैसे एका डब्यात टाका आणि महिन्याच्या शेवटी गटासमोर मोजा. वर्षाच्या डब्यातून शेळी येऊ शकते.

घरधनी सोडत असेल तर एक विनंती. पहिल्या आठवड्यात तो चिडचिड करेल. "मला वाटलंच होतं, तुमच्यानं होणार नाही," हे वाक्य तेवढं गिळा. तीस वर्षं ओढली म्हणून आता काय उपयोग, असंही म्हणू नका. बिडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादाचा धोका निम्म्यावर येतो. मात्र तुम्ही सोडत असाल आणि घरात मारहाण, दारू असेल, तर एकट्या झगडू नका, गटाला सांगा. मनावर ताण असताना व्यसन सुटणं अवघड असतं.

मदत कुठं मिळते?

१८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन नंबर आहे. तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. मराठीतूनही बोलता येतं. ते सोडायचा दिवस ठरवून देतात आणि पुन्हा फोन करून विचारपूसही करतात. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर बाईनं तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई फॉर्म भरताना तंबाखूचं विचारतात, तिथं लपवू नका. घरीही महिन्यातून एकदा आरशात पाहा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, किंवा तीन बोटं उभी जात नाहीत एवढं तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. लवकर कळलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. उशीर झाला तर जबडा जातो, घर कर्जात जातं.

आणि गाव म्हणूनही काही करता येतं. गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे. १८ वर्षांच्या आतल्या लेकराला तंबाखू विकणं गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकायला मनाई आहे. म्हणून पोराच्या हातात पैसे देऊन "बाबाला पुडी आण" म्हणणं आजपासून बंद करू. गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं 'मुक्तिपथ' अभियान चालू आहे. तिथं खर्रा आणि दारूच्या विरोधात गावोगावच्या बाया एकत्र आल्या. आपलं जंगल आणि त्यांचं जंगल, आपलं हातावरचं पोट आणि त्यांचं पोट फार वेगळं नाही.

आता ठराव काय करायचा ते सांगते आणि थांबते. प्रत्येक गटानं साप्ताहिक बैठकीची शेवटची दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. ज्यांना सोडायची आहे त्यांनी दोघी-दोघींच्या जोड्या कराव्यात. तलफ आली की आधी जोडीदारणीला हाक मारायची, मग बाकी सगळं. वहीत एक पान ठेवावं, त्यावर नाव, सोडल्याची तारीख, किती दिवस झाले. चुकलं तर दंड नाही, टोमणा नाही, नवी तारीख लिहायची. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आहे. त्या दिवशी प्रत्येक ग्रामसंघानं आपापल्या वहीतला आकडा सीआरपी ताईंकडं द्यावा, नावं नकोत. तो आकडा आपण याच अंकात छापू. दोन असला तरी छापू.

ज्या बायांनी आजवर कर्जाचा एक रुपया बुडवला नाही, त्यांना दहा मिनिटांची तलफ भारी पडणार नाही.